ओव्हरड्यू काका

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कोणी स्टोअरमधून पाना नेला, की ओव्हरड्यू काका त्याच्या एका पायातली चप्पल ठेवून घेत. पाना परत, तर चप्पल परत. दुपारपर्यंत निम्मा कारखाना एका चपलेवर फिरायचा. "माणूस विसरतो ताई, पाय विसरत नाही," असं ते मला, म्हणजे स्टोअरच्या टायपिस्टला, दिवसातून एकदा तरी ऐकवत.

काका मूळचे मालकांच्या पुण्याच्या कारखान्यातले. "पंधरा दिवस जाऊन स्टोअर लावून द्या," म्हणून मालकांनी त्यांना इकडे धाडलं आणि साफ विसरून गेले. त्या पंधरा दिवसांची आठ-नऊ वर्षं झाली. काकू पुण्यात, काका अंबरनाथ पूर्वेला एका खोलीत पिठलं ढवळत. परत पाठवा म्हणून त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "ज्यानं नेलं त्यानं परत करायचं. वस्तूनं मागायचं नसतं." या माणसापुढे मी तर हातच टेकले होते.

मग स्टोअरला कॉम्प्युटर आला. वस्तू, कोणाकडे, परत कधी, एवढं भरून ठेवलं की मुदत संपल्यावर तो आपणहून वाजायचा. काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी पाने भरले, शिडी भरली, मॅनेजर साहेबांची खुर्चीसुद्धा 'साहेबांकडे, निवृत्तीपर्यंत' अशी भरली. फक्त आवाज बारीक होता. उल्हासनगरच्या ज्या सिंधी दुकानदाराकडून कॉम्प्युटर घेतला होता, तो म्हणाला, "साईं, आवाजच पायजे ना? टेन्शन मत लो," आणि त्यानं ट्रकचा रिव्हर्स हॉर्न जोडून दिला. तेव्हापासून मुदत संपली की मशीन शॉपमधली माणसं दचकून मागे बघत आणि बाजूला सरकत.

एके सकाळी हॉर्न वाजला. पडद्यावर होतं: स्टोअरकीपर, नग एक. मालकी पुणे. मुदत पंधरा दिवस. ओव्हरड्यू.

"काका, हा काय चावटपणा?" साहेब कडाडले.

"मी कुठं काय बोललो, साहेब? कॉम्प्युटर बोलतोय."

तो दर तासाला बोलत राहिला. शेवटी साहेब मालकांशी फोनवर बोलत असताना वाजला, तेव्हा ते तणतणत बाहेर आले. "बंद कसा होतो हा?" मी सांगितलं, 'रिटर्न्ड' दाबलं की होतो. त्यांनी दाबलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "ताई, साहेबांनी मला परत केलं."

"अहो, ते नुसतं आवाज बंद करायला!"

"असं कसं, साहेब? उद्या पाना नेणारासुद्धा हेच म्हणेल."

काकांनी स्वतःच्या नावाचा माल बाहेर नेण्याचा गेटपास केला, 'परत येणार नाही' या खान्यावर खूण केली, आणि साहेबांनी कपाळाला हात लावून सही ठोकली. वॉचमननं नग मोजून घेतला. पुण्यानंही सही बघून मुकाट उतरवून घेतला.

जाताना भर उन्हाळ्यात काका माझी छत्री घेऊन गेले, कॉम्प्युटरवर रीतसर नोंद करून. पुढच्या सोमवारी हॉर्न वाजला: छत्री, काकांकडे, ओव्हरड्यू. मी पुण्याला फोन लावला. पलीकडून खुशीत आवाज आला, "वाजला ना? मग, कशा आहात ताई?" त्यानंतर दर सोमवारी वाजायचा, मी मुदत आठवडाभर वाढवायची आणि फोन करायची. छत्रीचा विषय कोणीच काढत नसे.

काही वर्षांनी एका रविवारी बदलापूरला माझ्या दारात काकू उभ्या राहिल्या. हातात माझी छत्री होती. त्या बोलायच्या आधीच मला रडू फुटलं. "तुमची वस्तू पोचवायला सांगून गेलेत," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार. हॉर्न सुरू झाला.

"अहो, आली ना छत्री परत?" साहेब आतून ओरडले. "मग दाबा की रिटर्न्ड!"

"छत्री आली, साहेब," मी म्हटलं, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. हॉर्न वाजत होता, आणि शॉपमधली माणसं सवयीनं मागे बघून बाजूला सरकत होती.