कंसातलं कारण

"खडू ठेव खाली. जा, बापाला वाळूच्या पाट्या उचलू लाग. तेच कामाला येणार आहे तुझ्या."

हे मला नववीत, भरल्या वर्गात, भूमितीच्या सरांनी सांगितलं. फळ्यावर माझं गणित होतं आन् ते बरोबर होतं.

त्रिकोणाच्या बाजू नऊ, बारा, पंधरा. तो काटकोन त्रिकोण हाय हे दाखवा, असा प्रश्न. मी नवाचा वर्ग केला, बाराचा केला, बेरीज घेतली. दोनशे पंचवीस. पंधराचा वर्ग बी दोनशे पंचवीस. म्हणून कोन नव्वदचा. एवढं लिहून मी थांबले. भूमितीत प्रत्येक ओळीच्या उजव्या बाजूला कंस करून कारण लिहायचं असतं. ही ओळ तू कशाच्या जोरावर लिहिलीस, ते. माझा शेवटचा कंस रिकामा होता.

"कारण?" सर म्हणाले.

"सर, ते तीन-चार-पाचच हाय. तिप्पट केलंय. गुण्यात येतं."

गुण्या म्हंजी गवंड्याचा लोखंडी काटकोन. माझे अब्बा गवंडी. आमच्या घरात सरळ भिंतीला, नीट घातलेल्या अंथरुणाला, शहाण्या माणसाला बी 'गुण्यात हाय' म्हणायचे. मला तो शब्द पुस्तकातला न्हाई हे ठाऊकच नव्हतं.

वर्ग फुटला हसून. सर हसले न्हाईत. त्यांनी वर्ग शांत होईपर्यंत वाट बघितली, मग एकेक शब्द नीट ठेवत म्हणाले, "हा तास भूमितीचा आहे, विटा-वाळूचा नाही. ज्यांना साधं 'आहे' म्हणता येत नाही, त्यांनी प्रमेयांच्या वाटेला जाऊ नये." आन् मग ते पाट्या उचलायचं वाक्य.

त्यात मेख अशी की अब्बा खरंच बाहेर होते. शाळेची नवी खोली बांधायचं काम त्यांच्याकडं होतं. खिडकीतून दिसत होते. पायाची आखणी चालली होती. सर ते बघूनच बोलले.

मी गेले. शिरूर तालुक्यातल्या त्या शाळेच्या मैदानावर, पांढरी ओढणी पिन लावलेली, हाताला खडू. अब्बांनी वर बघितलं. घरात आम्ही मुसलमानी बोलायचो, पण शाळेच्या आवारात ते माझ्याशी बी मराठीतच बोलायचे. "काय झालं?"

"सरांनी पाठवलं. मदतीला."

त्यांनी खिडकीकडं बघितलं. चाळीस तोंडं आमच्याकडं बघत होती.  अब्बांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आन् म्हणाले, "धर."

मी धरलं. एका दोरीवर तीन फुटाला खूण, दुसरीवर चार फुटाला, आन् त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर पाच भरेपर्यंत खुंटी सरकवायची. पाच भरलं की कोपरा गुण्यात. तासाची घंटा होईपर्यंत मी दोरी धरून उभी होते. माझी मान वर झाली न्हाई. त्या दिवशी मला सरांचा राग आला न्हाई, अब्बांचा आला. ते माझा बाप हायत याचा आला. हे लिहिताना आज बी लाज वाटती, पण खरं ते खरं.

मी आता सरांसारखं शुद्ध बोलू शकते. गरज पडली तर बोलते बी. हे मुद्दाम असं लिहितेय.

तवा मात्र बोलायची चोरी होती. घरात बोलायला लागले की मामाच्या पोरी चिडवायच्या, मराठीण आली बघा. गल्लीतली मराठी नीट जमायची तर शाळेत तीच गावंढळ. तीन बोल्या आन् तिन्हींत मी कुणाच्या तरी डोळ्यात चूक. मग मी बोलणंच कमी केलं. सरांच्या घरी शिकवणीला जाणारी पोरं पुढच्या बाकावर. न जाणारी मागं. मागच्यांनी हात वर केला तर सर म्हणायचे, "अरे वा, बोला," आन् वर्ग आधीच हसायला तयार. आम्ही हात वर करणं सोडलं. मग सर म्हणायचे, बघा, यांना काहीच विचारायचं नसतं.

त्या दिवशी मी बाहेर गेल्यावर सरांनी माझ्या गणिताखाली स्वतःच्या हातानं कारण लिहिलं होतं. शेजारच्या पोरीनं मला वही दाखवली. कंसात लिहिलं होतं, 'पायथागोरसचे प्रमेय'. मी ते उतरवून घेतलं. आन् उगाच, निव्वळ चिडून, ते प्रमेय पुस्तकात काढून वाचायला बसले. कोणतं एवढं मोठं कारण हाय, जे माझ्या बापाला ठाऊक न्हाई, ते तर बघू.

प्रमेय म्हणत होतं, त्रिकोण काटकोनी असेल तर बाजूंचं असं असं होतं. मी पुन्हा वाचलं. अब्बांच्या हातात तर काटकोन नसतोच. त्यांच्याकडं नुसती मापं असतात. मापांवरून ते काटकोन काढतात. सरांचं कारण उलट्या दिशेचं होतं. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. एवढे शिकलेले सर चुकतील कसे? दोन पानं पुढं गेले तर तिथं ते होतंच. प्रमेयाचा व्यत्यास. बाजूंचं असं असं असेल तर त्रिकोण काटकोनी. त्याची सिद्धता वेगळी, स्वतंत्र. दोन्ही वाक्यांत शब्द तेच, फक्त 'असेल तर' ची जागा बदललेली, आन् एक खरं म्हणून दुसरं आपोआप खरं होत न्हाई.

यात काय एवढं, असं वाटंल कुणाला. मला चौकट आठवली. चौरस असला की चारी बाजू सारख्या. पण चार सारख्या पट्ट्या ठोकून चौकट केली आन् कोपरे धरले न्हाईत तर ती कलंडती. अब्बा म्हणायचे, माप खरं, पण चौकट खोटी. म्हंजी हे मला आधीपासून कळत होतं. फक्त त्याला वाक्य असतं, आन् त्या वाक्याला नियम असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

गवंड्याच्या घरातलं पोर हे प्रमेय पाठीमागनं शिकतं. म्हणून मी कंस रिकामा सोडला. मला कारणाचं नाव येत नव्हतं. सरांना नाव येत होतं, ते चुकीचं होतं.

तिथनं मी ते पुस्तक गणिताचं म्हणून वाचणं सोडलं, भाषा शिकावी तसं वाचायला लागले. शब्द थोडे, प्रत्येकाचा अर्थ एकच. पक्ष म्हंजी जे दिलंय. साध्य म्हंजी जे सिद्ध करायचंय. मधी सिद्धता, ओळीवर ओळ, आन् प्रत्येक ओळीला मागच्या ओळीचा आधार. बोलणारा कुणाचा कोण, हे विचारायला त्यात जागाच न्हाई. 'आहे' म्हणा, 'हाय' म्हणा, नव्वद ते नव्वद. एक नियम सगळ्यात कडक. जे सिद्ध करायचंय तेच आधी धरून चालायचं न्हाई. तसं केलं की सगळी पानभर सिद्धता फुकट. मला ही भाषा एवढी आवडली की मी भाकरी थापताना मनात कंस करून कारणं लिहायची. अम्मी म्हणायची, करपली बघ, ध्यान कुठंय.

पण बोलले न्हाई. सरांची चूक मला ठाऊक होती आन् मी दोन महिने गप बसले. भीती. बांधकामाची देखरेख सरांकडं, म्हंजी अब्बांचं काम त्यांच्या हातात. मी त्यांच्या हातात. मागचा बाक, खाली मान, चाचणीत उत्तर बरोबर आन् शेरा 'नक्कल'. विचारायचं कुणाला?

आमच्या शाळेत एक रीत होती. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्ची पोरं नववीतच बाजूला काढायची. पालकांना बोलवायचं, दाखला काढून घ्या म्हणायचं, पुढं बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा द्या. आमच्याकडं दाखला निघालेल्या पोरीनं सतरा नंबर भरलेला मी पाहिला न्हाई. दाखल्याच्या मागनं लग्नाची पत्रिकाच निघायची. त्या वर्षीच्या यादीत माझं नाव होतं.

सरांनी अब्बांना कामावरूनच बोलावलं. स्टाफरूमच्या दारात ते चपला काढून उभे. हाताला सिमेंट, म्हणून हात पाठीमागं. मला बी बोलावलं होतं. टेबलावर दाखल्याचा अर्ज तयार, सरांच्याच अक्षरात. फक्त सही राहिलेली.

"मिस्त्री, पोरीला गणित जमणार नाही. तुमच्या लोकांना ते जमत नाही, त्यात तिचा दोष नाही. उगाच नापासाचा शिक्का कशाला? सही करा."

अब्बा म्हणाले, "तुमी म्हणता तर बराबरच आसंल, सर." आन् हात पँटला पुसून पेन घेतलं.

 सही झाली की संपलं. शाळा संपली, ते पुस्तक संपलं, मी आयुष्यभर ऐकून घेणार. मी म्हणाले, "सर, कशावरनं?"

"काय कशावरून?"

"मला जमत न्हाई, हे कशावरनं?"

"तुझे मार्क बघ. मागच्या बाकावरची सगळी नापास."

"चाचणीत माझी उत्तरं बरोबर होती. तुम्ही नक्कल लिहिलं."

"मग? तुला येत नाही तर नक्कलच असणार."

"आन् येत न्हाई हे कशावरनं?"

सरांनी अर्ज अब्बांकडं सरकवला. मी म्हणाले, "सर, तुम्ही साध्यच पक्षात घेतलं."

  वाक्य सरळ आलं. टेबलापलीकडच्या बाईंनी वहीतून मान वर केली.

सर उठले. "मिस्त्री, ही भाषा शिकवली का घरात?"

अब्बांना पक्ष-साध्य काय कळणार. पण समोरचा माणूस उत्तर देतोय का उत्तर टाळतोय, हे मजुरी करणाऱ्याला बरोबर कळतं. ते म्हणाले, "सर, पोरगी म्हंती ते चुकीचं हाय का? व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

"असं विचारायचं असेल तर उद्यापासून कामावर येऊ नका."

 अब्बांनी पेनाला टोपण लावलं आन् टेबलावर ठेवलं. अर्जावर सही झाली न्हाई.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटंल. तसं झालं न्हाई. त्यांनी खुंट्या उपटल्या, दोरी गुंडाळली, थापी-घमेलं पोत्यात घातलं आन् म्हणाले, "सँभाल अब तेरा गणित."  पुढच्या आठवड्यात ते दौंडला गेले, रेल्वे कॉलनीच्या डागडुजीला, दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली. मिस्त्री म्हणवून घेणारा माणूस हाताखाली गेला. शनिवारी घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. अम्मी माझ्यापुढं ताट सरकवायची आन् तोंड फिरवायची.

बापाच्या सहीबिगर दाखला निघत न्हाई, म्हणून मी त्याच वर्गात बसत राहिले. नववी काढली, दहावीत गेले. सरांनी वर्षभर माझ्या वहीला हात लावला न्हाई. सगळ्यांच्या वह्या तपासून परत यायच्या, माझी ढिगातनं तशीच कोरी यायची. लाल शाईचा ठिपका न्हाई. त्यांना वाटलं असंल, अशानं ही गळंल.

पहिले पंधरा दिवस मी गळलेच होते. मग एक दिवस स्वतःच वही घेऊन बसले आन् पहिल्या ओळीपासनं विचारत गेले, ही ओळ कशावरनं? ही कशावरनं? तीन चुका सापडल्या. मला रडू आलं, कारण चुका दाखवायला आन् बरोबर म्हणायला, दोन्हीला कुणी नव्हतं. रडून झाल्यावर त्या दुरुस्त केल्या. ही भाषा एकटीला बी तपासता येती, तिला कुणाची सही लागत न्हाई, हे मला सरांनी वही न तपासून शिकवलं. मी दहावी पास झाले. शाळेच्याच हजेरीवर राहून.

आता मी दौंडला भूमिती शिकवते. सर अजून हायत, रिटायर झालेत, कुठं लग्नात दिसले तर हात जोडतात. मी त्यांना माफ केलेलं न्हाई. करणार बी न्हाई.

माझ्याकडं पोरींना घेऊन आया येतात, बाप येतात. कधी पोरीच्या बाजूनं, कधी पोरीच्या विरुद्ध, कुणी ना कुणी सुरू करतं, "आमच्या लोकांना" न्हाईतर "यांच्या लोकांना गणित...". मग तो बाप असो, मुख्याध्यापक असो, साहेब असो. मी आवाज चढवत न्हाई. उठून बी जात न्हाई. 'कशावरनं?' विचारून तिथंच थांबवते. त्या वाक्यावर दुसरी ओळ मी कुणाला लिहू देत न्हाई.