खेकड्याचं भोक

व्हिएतनाममधल्या सापा या डोंगरावरच्या जुन्या गावात माझे वडील खिशात कांदा घेऊन उतरले. मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून ते नागपुरात कांद्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. पण सापात दाट धुकं होतं आणि बाबा, नवरा आणि मी स्वेटर घालून कुडकुडत होतो.

"बाबा, इथं ऊनच नाही. टाका तो कांदा," मी म्हटलं.

"राहू दे वं. काई खाले मागून राहिला काय तो?" डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा नीट करत बाबा म्हणाले.

सहल माझ्या हट्टानं निघाली होती. आई गेल्यापासून बाबा नागपुरात आमच्याकडे बेसाला राहतात. जूनमध्ये कामठीच्या सभागृहात माझ्या काकाच्या मुलीचं लग्न होतं आणि बाबा जायला तयार नव्हते. कारण काय, तर एक भोक.

आमच्या गावी, मौद्याच्या बाजूला, धानाच्या शेतातल्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. वाटण्या झाल्या तेव्हा वरची बांधी काकाला आली, खालची बाबांना. वरचं जास्तीचं पाणी खाली उतरावं म्हणून बांधाला एक खांड कापून ठेवलेली असते. एका साली ऐन रोवणीत, रोपं लावायच्या दिवसांत, काकानं ती खांड चिखल थापून बुजवली आणि खाली बाबांची रोपं वाळली. काकाचं एकच पालुपद, "मले वाटलं खेकड्यानं भोक पाडलं." खेकडे बांध पोखरतात, हे खरं आहे. पण धानात जन्मलेल्या माणसाला खांड आणि खेकड्याचं भोक यातला फरक कळत नाही, हे खुद्द खेकड्यालाही पटणार नाही, असं बाबांचं मत. तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद.

आता चुलतबहिणीचा मला फोन आला. "मोठे बाबा नाही आले तं मी हार घालनार नाही, सांगून ठेव त्याईले." ती लहानपणापासून हट्टी आहे आणि तिच्या धमक्यांतलं किती धरायचं ते मला ठाऊक आहे. पण फोन ठेवताना ती रडत होती, आणि मग मीही रडले. हवा बदलली की माणूस बदलतो म्हणतात, म्हणून मी बाबांना लांब न्यायचं ठरवलं. डोंगर उतरत गेलेली भाताची शेतं, पायऱ्यापायऱ्यांची, जाहिरातीत फार सुंदर दिसत होती.

नवरा म्हणाला, "धान पाहून पाहून म्हातारा झालेल्या मानसाले धान दाखवाले विमानानं नेऊन राहिली तू?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. अबोला धरणं आमच्या रक्तातच आहे.

सापात पहिल्याच सकाळी नवऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. सहलीतली सगळी मंडळी धुकं जरा विरलं की बांधावर उभी राहून फोटो काढत होती. बाबा कमरेवर हात ठेवून बघत होते.

"पैसे देऊन धान पाहाले आले हे लोक? आपल्या गावात तं फुकट दिसते. माहा एक फोटो नाही काढला कोणी आजवर, धानात."

मी त्यांचा फोटो काढला. त्यात धानापेक्षा दुपट्टा जास्त आला.

मग वाटाड्या आम्हाला शेतांमधल्या पायवाटेनं खाली घेऊन निघाला. वळणावर मी मागं पाहिलं तर बाबा नव्हते. आम्ही हाका मारत परत वर चढलो. बघतो तर बाबा एका बांधीत गुडघाभर चिखलात उभे. पँट वर दुमडलेली. बांधावर गवत आणि चिखलाचा गोळा थापून ते टाचेनं दाबत होते. सहल सुरू झाल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"खेकड्यानं भोक पाडलं होतं वं!" त्यांनी चिखलातूनच सांगितलं. "सारं पानी चाललं होतं खाली. कोनाचं का असेना, बुजवलं."

खालच्या बांधीत निळ्या-काळ्या कपड्यांतली एक बाई रोपं लावत होती. तिनं मान वर करून पाहिलं. हातातली जुडी तिथंच टाकली, फावडं उचललं आणि ती तरातरा वर आली. मग जे सुरू झालं त्यातला एक शब्द आम्हाला कळला नाही, पण अर्थ सगळा कळला. तिनं बांधाकडे बोट दाखवलं, खाली आपल्या शेताकडे दाखवलं, कपाळावर हात मारला. बाबाही मागं हटणारे नव्हेत.

"अवो बाई, भलं केलं तं माह्यावरच काहून चिडून राहिली?"

वाटाड्या धापा टाकत आला. त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं, की बाबांनी हिचं पाणी बंद केलं. ते भोक नव्हतं. वरचं पाणी खाली यायची ती वाट होती.

बाईनं फावड्याच्या एका घावात चिखल उडवला. मग बांधावर बाजूला फेकलेला एक चपटा दगड उचलून, पाण्यानं माती वाहून जाऊ नये म्हणून, त्या वाटेच्या तोंडाशी नीट बसवला. पाणी परत खाली पडू लागलं.

"बाबा, तो दगड आधी तिथंच होता?" मी हळूच विचारलं.

"होता."

"आणि तुम्ही काढून फेकला?"

"मले वाटलं..." बाबा म्हणाले, आणि तिथंच थांबले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला हसूही येईना आणि विचारवेना.

मग त्यांनी खिशात हात घातला आणि तो कांदा काढून दोन्ही हातांनी बाईपुढं धरला. तिनं कांदा फिरवून पाहिला, हुंगला, आणि इतकी हसली की फावड्यावर टेकून उभं राहावं लागलं. कांदा तिनं पाठीवरच्या टोपलीत टाकला.

हॉटेलवर सहलीच्या आचाऱ्यानं तर्रीशिवाय, म्हणजे तिखट रश्शाशिवाय, वाढलेल्या पोह्यांनाही बाबांनी नावं ठेवली नाहीत, तेव्हा नवरा घाबरला आणि माझ्या कानात म्हणाला, "बीपी पाहाव काय त्याईचं?" संध्याकाळी खिडकीबाहेर पुन्हा धुकं भरलं. बाबा पलंगावर बसून चिखलानं भरलेल्या नखांकडे बघत होते.

"इथून फोन लागते काय वं गावाले?"

मी काहीच न विचारता काकाला फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला. काकाचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतक्या जोरात तो "कोन? कोन?" करत होता.

बाबांनी दुपट्टा सारून फोन कानाशी धरला.

"मी बोलून राहिलो गा. ते... खेकड्याचंच भोक दिसते. जवळून पाहिलं तरी तसंच दिसते."

काका म्हणाला, "भाऊ, घरच्या मांडवाले मानूस नाही माह्यापाशी. दोन रोज आधीच या."

"येतो," बाबा म्हणाले, आणि दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले.