बंडीच्या आसाची उंची

हबीब गेल्याचा फोन त्याच्या नातीनं केला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. "आजोबा, नाना गेले..." एवढंच ती बोलली, आणि खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, राग आला. साठेक वर्षं हा माणूस कुठंही निघाला की माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवायचा आणि "चालतं का बे, शेठ?" म्हणून ओरडायचा. मी नाही म्हटलं तर ओढून न्यायचा. या वेळी मात्र न विचारता निघून गेला. आता महिना उलटला, राग निवलाय. पण सकाळी रस्त्यावर हॉर्न वाजला की हात अजून चपलेकडे जातो.

शेठ वगैरे मी कधीच नव्हतो. पोंभुर्ण्यात माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, म्हणून हबीबनं मला ते नाव चिकटवलं. त्याचे अब्बा आमच्याच गल्लीत गळक्या कंदील-बादल्यांना झाळ लावून द्यायचे. हबीब नागपूरला एका गॅरेजात राहून मोटारीचं काम शिकून आला, तो डोक्यात वारं भरूनच. पन्नाससालानंतरची ती वर्षं. आपल्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्यातच होती. आम्ही दोघांनी मिळून एका ठेकेदाराची जुनी पिकअप घेतली. जंगलातल्या गावांना मीठ, तेल, कापड पोचवायचं आणि येताना मोहफूल, चारोळी भरून आणायची, असा बेत होता. गाडी घरी आली त्याच आठवड्यात हबीबनं भरबाजारात जाहीर केलं, "यंदा बोरटोल्याचं मीठ आपली मोटार नेईन. दारात!" बढाई मारण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

या बढाईचा परिणाम असा झाला की दरवर्षी पावसाळ्याआधी बोरटोल्याला मीठ नेणाऱ्या बैलबंडीवाल्यांनी त्या साली तिकडं जायचं सोडलं आणि दुसऱ्या गावांचा माल भरला. मोटारीशी कोण बरोबरी करणार! आता आम्ही गेलो नाही तर पावसाचे सगळे महिने ते गाव अळणी खाणार होतं. नाले भरले की मग तिकडं माणूसही जात नसे.

आणि आमची गाडी पहिल्याच नाल्यात अडकली. वाट बैलबंड्यांची. नाल्यात उतरताना ठीक होतं, पण समोरचा काठ चढायला गेलो की चाकं काठाला लागायच्या आधी गाडीचा बंपर मातीत घुसायचा. बंपरखाली एक वाकडा पत्रा लोंबत होता, तो तर नांगरासारखा जमीन उकरत होता. मीठ घेऊन आम्ही खाली मान घालून परतलो. हबीबनं मग पुढच्या कमानपाट्यांखाली सागाचे ठोकळे बसवून गाडीचं तोंड उचललं. गाडी उंच झाली खरी, पण स्टिअरिंग हातात राहीना आणि दिव्यांचा उजेड झाडांच्या शेंड्यावर पडू लागला. "वानरं शोधून राह्यली का रे तुमची मोटार?" असं लोक आम्हाला अडवून विचारायचे. एवढं करूनही बंपर पुन्हा काठात घुसलाच.  

दुसऱ्या दिवशी तो गावाबाहेरच्या नाल्यावर जाऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्या बघत राहिला. मी भाकर घेऊन गेलो तर माझ्याकडं न बघताच म्हणाला, "शेठ, पाह्य. बंडीचं चाक पहिले जाते. आपल्या गाडीचं नाक पहिले जाते. इतकीच गोष्ट आहे बे." मग एका बंडीवाल्याला थांबवून त्यानं दोन चाकांमधल्या आडव्या आसाची जमिनीपासूनची उंची बांबूच्या काठीवर घेतली आणि तिथं कोयत्यानं खाच पाडली. जंगलातल्या वाटेवर दोन चाकोऱ्यांच्या मधली माती, दगड, तोडलेल्या झाडांची खुंटं, सगळं त्या आसाखालून जाईल इतकंच उंच राहतं. त्याहून खाली लोंबेल ते अडकणार. ती काठी घेऊन तो गाडीच्या पुढ्यात बसला आणि खाचेच्या खाली येईल ते कापत सुटला. ठोकळे काढले. बंपर गेला. पत्रा कापून, ठोकून वर वळवला. बंपरच्या जागी आखूड सागाची फळी उंचावर आवळली, टोकं तासून वर घेतली, आणि रेडिएटरपुढं लोखंडी जाळी बसवली. माझे वडील बघायला आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "चांगल्या गाडीचं माकड केलं रे पोरा!"

आभाळ भरून येत होतं तेव्हा आम्ही तिसऱ्यांदा निघालो. दोनदा अडकलो होतो त्या नाल्यावर पोचलो तर समोरच्या काठावर बोरटोल्याचं अर्धं गाव उभं! त्यांचे लालसू पाटील पुढं. मोटार दोनदा परत गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून त्यांनी मानानं वाट सजवली होती. धानाच्या शेताच्या बांधाला घालतात तशी ताजी माती चढावर घालून, चोपून, वर आंब्याचे डहाळे अंथरले होते. त्या मऊ मातीत आमची मिठानं भरलेली गाडी अर्ध्या चाकापर्यंत बसली.

मी वैतागलो. म्हटलं, "पोती इथंच उतरवू, कावडीनं नेतील." हबीब म्हणाला, "गाव कुठी आन् हा नाला कुठी! पाणी त्याहीच्या पह्यले पोचन." मी लालसू पाटलांवर चिडून काही बोलणार, तर त्यानं माझा दंड दाबला. खाचेची काठी काखेत मारून खाली उतरला, पायातल्या चपला काढून त्या डहाळ्यांच्या बाजूनं चालत गेला आणि हात जोडून म्हणाला, "पाटील, मान पावला. पण माह्या गाडीले तुमची बंडीची वाटच पाह्यजे. हे माती काढू का?"

लालसू पाटील काठीकडं बघत होते. "हे काऊन आणलं?"

"तुमच्या बंडीएवढी आहे गाडी. मोजून पाहा."

म्हाताऱ्यानं खरंच मोजून पाहिलं. गाडीच्या पुढ्यात वाकून खाच लावली, मान डोलावली, आणि मग सगळं गाव फावडी घेऊन आपणच घातलेली माती काढू लागलं. खालचा कडक मुरूम उघडा पडला. हबीबनं गाडी मागं घेतली, मग सोडली... आणि या वेळी आधी चाकं काठाला लागली. तोंड आभाळाकडं गेलं, सागाची फळी नुसती गवताला घासली, आणि आम्ही वर! मी भीतीनं डोळे मिटले होते, हे त्यानं पुढं प्रत्येक लग्नकार्यात सांगितलं.

गावात पोचल्यावर पहिलं पोतं सोडलं. पाटलांनी चिमूटभर मीठ आपल्या जिभेवर ठेवलं आणि चिमूटभर हबीबच्या तळहातावर. त्यांच्या घरच्या बाईनं गाडीच्या त्या कापलेल्या, कुरूप तोंडाला हळद लावली. हबीबनं ती पुसू दिली नाही. त्या माणसाला आपली चूक कबूल करताना मी कधी ऐकलं नाही. पण पुढं कित्येक वर्षं पावसाळ्याआधी बोरटोल्याचं मीठ त्यानं चुकवलं नाही, ताप असतानाही नाही, आणि बाजारात त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. एवढा बोलका माणूस! मला तो तिथं फार मोठा वाटतो.

पिकअप केव्हाच भंगारात गेली, पण काठी त्यानं जपली. कोणाच्याही दारात नवी गाडी आली की हा काठी घेऊन हजर. पुढं लावून बघायचा आणि मालकाच्या तोंडावर सांगायचा, "छान आहे. पण बोरटोल्याले नाई जात."

परवा त्याच्या घरी गेलो होतो. नातीनं कोपऱ्यातली काठी आणून हातात दिली. "हे तुमचंच म्हणायचे नाना." माझा नातू मला न्यायला नवी मोठी गाडी घेऊन आला होता. मी वाकलो, काठी लावली. बंपर खाचेच्या चांगला वीतभर खाली.

"बोरटोल्याले नाई जात," मी म्हणालो.

"आबा, तिथं आता डांबरी रस्ता आहे."

आहे. मला माहीत आहे. तो काठी मागं ठेवायला निघाला, मी ती सोडली नाही. पुढं बसून दोन गुडघ्यांत धरली. हात सवयीनं खाचेवर गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीच विचारलं, "चालतं का बे, हबीब?"