रांगेतलं पार्सल

सव्वानऊच्या बसमध्ये ती खिडकीशी बसायची आणि मांडीवर कुणाचं तरी पार्सल असायचं. घराजवळच्या थांब्यावरच्या पार्सल-खिडकीतून उचलायचं, शेवटच्या थांब्यावरच्या खिडकीत द्यायचं. बसने जाणाऱ्यांच्या हातून सामान पाठवायच्या या सोयीचे नियम दोनच. पार्सल मांडीत मावेल एवढं असावं, आणि नेणारा त्या वाटेने एरवीही जाणारा असावा. नुसत्या पार्सलासाठी फेऱ्या मारणाऱ्याला पार्सल न्यायची पिशवी मिळत नसे.

तिचं तर रोजचंच जाणं. नवरा आठ महिने शेवटच्या थांब्यासमोरच्या दवाखान्यात पडून होता. चपला, चष्मे, मिक्सरचं भांडं, काय काय तिने नेलं. एकदा भिंतीवरचं घड्याळ होतं, ते वाटभर मांडीवर टिकटिकत राहिलं.

त्या मंगळवारी शेवटच्या थांब्यावरच्या खिडकीपुढे रांग होती. पार्सल देऊन मोकळं व्हावं, मग निवांत दवाखान्यात वर जावं, म्हणून ती थांबली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. वर पोचली तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

‘‘आत्ताच गेले,’’ नर्स म्हणाली.

सोळाव्या दिवशी सव्वानऊच्या बसला ती पुन्हा निघाली.

‘‘वहिनी, तिथे आता कोण बसलंय तुझं?’’ नणंद म्हणाली. ‘‘लोकांची ओझी वाहायची हौस अजून फिटली नाही वाटतं!’’

दुसऱ्याच कुणाच्या वहिनीला बोलणं बसत असावं, तसं तिने ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

तीन महिन्यांनी पार्सल नेणाऱ्यांची नोंद नवी करायची वेळ आली. घराजवळच्या थांब्यावरची खिडकीवाली पोरगी बडबडी होती.

‘‘मावशी, काकांचं काय म्हणणं? घरी कधी सोडतायत?’’

‘‘ते गेले.’’

‘‘अगंबाई! कधी?’’

‘‘झाले तीन महिने.’’

‘‘आणि मी मेली रोज विचारतेय, डबा घेतलात का म्हणून!’’

‘‘तू विचारायचीस, मी हो म्हणायचे.’’

पोरीने पेन खाली ठेवलं. ‘‘आता जाण्याचं कारण काय लिहू? कारण नसेल तर पिशवी जमा करावी लागते हो.’’

पिशवी गेली की घरात नणंद, नवऱ्याचा रिकामा पलंग आणि अख्खा दिवस. तिने पिशवीच्या बंदाचा मनगटाला आणखी एक वेढा दिला.

‘‘मी जाणारच असते,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं पार्सल असो नसो.’’

पोरीने तिच्याकडे बघितलं. मग रकान्यात ‘रोजचं जाणं’ असं लिहिलं आणि एक खोकं पुढे सरकवलं.

शेवटच्या थांब्यावर रांग होती. ती टोकाला उभी राहिली. मागे एक माणूस आला, काखेत पार्सल, हातात डबा. तो सारखा समोरच्या दवाखान्याच्या वरच्या खिडक्यांकडे बघत होता.

‘‘वर कोण आहे?’’ तिने विचारलं.

‘‘आई.’’

‘‘ते इकडे द्या.’’

‘‘अहो, पण नोंद माझ्या नावावर—’’

‘‘नाव सांगेन तुमचंच. जा तुम्ही.’’

तो धावत रस्ता ओलांडून गेला. तिने त्याचं पार्सल आपल्या खोक्यावर नीट बसवलं. रांग एक पाऊल सरकली, तशी तीही सरकली.