कॅनमध्ये दुसरं कोण होतं?

...आणि सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? आमची हिरा, माझी धाकटी जाऊ. गेल्या सोमवारी मुंबईच्या डॉक्टरांची जीप चारोटीकडून आमच्या पाड्यावर वळली नाही, तोच ही ओल्या हातांनी धावत माझ्या ओट्यावर हजर.

मला वाटलं पाहुण्यांसाठी आली. तर कानात कुजबुजते, "जाऊबाई, माझं नाव घेऊ नका हां."

थांबा... आधी कॅनचं सांगायला हवं.

पावसाळ्याच्या आधी माझ्या कमरेत मुतखड्याची कळ आली. डहाणूला स्कॅन काढला. खडा गेला पडून, पण फोटोत भलतंच दिसलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते म्हणे, सगळ्यांनाच असते. माझ्या डाव्या टोपीवर बोराएवढी गाठ निघाली.

कॅन्सरची दिसत नाही म्हणाले, तेव्हा जीव भांड्यात पडला. पण मुंबईचे डॉक्टर अशाच गाठींचा अभ्यास करतायत, नाव देता का म्हणून विचारलं. दिलं. आपलं काय जातंय?

मग डॉक्टरीणबाई आल्या, माझ्या नातीच्या वयाच्या. खाली चटईवरच बसल्या आणि समजावून सांगितलं. ती ग्रंथी एक रस करते, कॉर्टिसॉल त्याचं नाव. पहाटे तो चढतो म्हणून आपल्याला जाग येते, दिवस कलला की तो उतरतो. म्हणजे बघा, प्रत्येकाच्या पोटात आपापला कोंबडा! मी चौथीपर्यंत शिकले, पण हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

काहींची गाठ मात्र हा रस गुपचूप जास्तीचा करत बसते. मग बीपी वाढतं, साखर वाढते, मांड्यांतली ताकद जाते, जरा कुठे लागलं की काळंनिळं होतं.

ऐकता ऐकता मी बोटांवर मोजत गेले. हे तर सगळं माझंच. दोन वर्षं झाली, उकिडवी बसले की उठवायला माणूस लागतो. तोंड गोल गरगरीत झालंय, तर बाया म्हणतात, "सुनेनं बरी पोसलीय हो!" आणि दवाखान्यात गेलं की एकच उत्तर, आजी, वय झालं.

मला फक्त एवढंच कळून घ्यायचं होतं... हे वय आहे, की ती गाठ? वयाला औषध नाही. गाठीला असेल.

तर तपासणीसाठी त्यांनी एक मोठा कॅन दिला. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्यात धरायची. केलं मी बरोबर. पण बघते तर कॅन अर्धासुद्धा भरला नाही!

आता मी आयुष्यभर डेअरीला दूध घातलंय. अर्धा कॅन घेऊन गेलं की तिथला माणूस सगळ्यांसमोर बोलायचा. एवढे शिकलेले लोक मुंबईहून येणार आणि त्यांच्या हातात अर्धा कॅन द्यायचा? मला कसंसंच झालं. मी हिराला म्हटलं, "जरा हातभार लाव." घरचीच बाई, एकाच चुलीचं खाल्लेलं... आम्हाला वाटलं चालतंय. भरलेला कॅन तपासायला मुंबईला गेला.

सोमवारी डॉक्टरीणबाई बसल्या, पाणी प्यायल्या आणि हसत विचारलं, "आजी, खरं सांगा. त्या कॅनमध्ये तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?"

मी वळून बघितलं. मागे हिरा पदर तोंडाला लावून उभी. ती तलासरीची, गुजरातच्या हद्दीवरची, लाजली की गुजरातीत शिरते. "मने शुं खबर!" म्हणाली, म्हणजे मला काय माहीत, आणि सगळ्यांना सगळं कळलं.

कळलं कसं म्हणून विचारलं. तर म्हणे, आपल्या स्नायूंचा चुरा रोज लघवीतून जातो, ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे, जवळपास ठरलेला. माझ्या कॅनात दोन बायांचा निघाला. मी हातच जोडले. पाण्यासारखं पाणी ते, आणि त्यात माणसं मोजता येतात!

माझे मालक दारातून म्हणाले, "जन्मभर दुधात थेंब पाणी घातलं नाही हिनं, आणि भेसळ केली ती कशात!" डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. पण मग गंभीर झाल्या. हे कळलं नसतं तर चुकीचा आकडा धरून बसलो असतो, म्हणाल्या.

कॅन नवीन दिला. या वेळी अर्धाच दिला मी, मान वर करून. शिवाय एक गोळी झोपताना घ्यायची आणि सकाळी रक्त द्यायचं. ती गोळी म्हणजे ग्रंथीला निरोप, आता गप्प बस. चांगली ग्रंथी ऐकते. गाठ ऐकत नाही.

आज त्या परत आल्या. माझा हात हातात घेतला. "आजी, गोळीला दाद दिली नाही तिनं. कॅनमध्येही रस जास्त आहे. गाठच करतेय."

मी हिराला मिठीच मारली. वय नाही गं, गाठ आहे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार ऐकून इतकी खूश झालेली बाई त्यांनी पहिल्यांदा बघितली. ऑपरेशन करायचं की नाही ते सर्जन ठरवतील, सगळी ताकद परत येईलच असं वचन देत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. चालेल की. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं खरं कारण शोधलं, अर्ध्या कॅनमधून. त्या पोरीचं आणि तिच्या शिक्षणाचं कल्याण होवो.

मुंबईला सर्जनकडे न्यायला त्या स्वतः जीप घेऊन येणार आहेत... शुक्रवारी, सकाळी आठला.