मानेवरची खपली

आमच्या चंदनसारच्या दवाखान्यातल्या नर्सबाई मिठागराच्या गावच्या. बोलायच्या कमी, पण ताप आलेल्या माणसाच्या अंगावर आधी नीट नजर फिरवायच्या. चिंचोटीच्या रानातून आलेला माझा भाऊ आठवडाभर तापाने फणफणला होता. डेंग्यू-मलेरिया निघाला नाही, तरी तो बरळू लागला आणि त्याच्या कानाची पाळी काळी पडली. बाईंनी तळहात-तळपाय पाहिले. अंगावरचे लाल ठिपके तिथेही होते. मग त्यांची बोटं केसांतून फिरत मानेवर थांबली. तिथे एक काळी खपली होती.

"डॉक्टर, गोचीड चावलीय याला, हा तिचाच ताप. आता रिपोर्टची वाट नका बघू."

डॉक्टरांनी तेव्हाच औषध बदललं. तिसऱ्या दिवशी भावाने मला नावाने हाक मारली. मी बाईंपुढे नुसते हात जोडले.

"कानाचा तुकडा जाईल," त्या म्हणाल्या, "पन मानूस राहिला."