डालग्यातले सहा आठवडे

आमच्या वॉर्डात सिझर झालेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाखाली पाय सोडते. म्हणजे मी सोडायला लावते. ‘टाके तुटतील’, ‘चक्कर येते’, ‘सिस्टर, उद्या नक्की उठते’ हे सगळं मी सव्वीस वर्षं ऐकते आहे आणि सव्वीस वर्षं त्यांना उठवते आहे. महामार्गालगतच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये माझी नोकरी. तिथे माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, ही बाई कैदाशीण आहे. दोन, हिच्या हाताखालची बाळंतीण लवकर घरी जाते. दोन्ही खरी आहेत.

हे आधी सांगायचं कारण, कुत्र्याच्या बाबतीत माझी जी चूक झाली ती याच सवयीतून झाली.

कुत्रा माझा नव्हता, नवऱ्याचा होता. नवरा विजेच्या खात्यात होता. त्याने वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि पंधरा दिवसांत डहाणूच्या एका चिकूवाडीतून हे पिल्लू उचलून आणलं. जात डॅशहंड. हातभर अंग आणि बोटभर पाय. मी म्हणाले, घरात एक रिकामा जीव पुरे होता. पण आलं ते राहिलं, आणि सात वर्षं राहिलं. मी त्याला कधी मारलं नाही आणि कधी मांडीवरही घेतलं नाही. लाड करायला नवरा होता. नाचणीची भाकरी आणि सुकट, वर चहात बुडवलेली खारी. कुत्र्याचं पोट जमिनीला टेकायला लागलं तरी यांचं चालूच होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नवरा उंबरगावला बहिणीकडे लग्नाला गेला, चार दिवसांसाठी. पहिल्याच सकाळी कुत्रा उठेना. पाठीला बाक काढून बसून राहिला. हात लावला की केकाटायचा. मला वाटलं, मालक गेले म्हणून नाटकं आहेत. दुसऱ्या दिवशी उठवला तर मागचा डावा पंजा उलटा पडत होता, तळव्याऐवजी वरची बाजू जमिनीला. मग मी जे करते ते केलं. पोटाखालून टॉवेल घातला, मागचं अंग वर धरलं आणि त्याला चालवला. दारापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून फाटकापर्यंत. सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. तो रडत होता आणि मी त्याला सांगत होते की रडून कोणाचे पाय चालत नाहीत. रात्री कोमट तेल लावून पाठ रगडली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे मागून फरफटायला लागले.

त्याच वेळी नवरा बॅग घेऊन फाटकातून आत आला. कुत्रा पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत त्याच्याकडे निघाला. त्या दृश्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या माणसाची इको गाडी सांगून आम्ही डहाणूला निघालो. कपाटातली फळी काढून मी कुत्र्याला तिच्यावर निजवलं आणि ओढणीने बांधलं. इतकं मला कळत होतं. आमच्याकडे ताडावरून पडलेली माणसं येतात. नातेवाईक त्यांना चादरीच्या झोळीत घालून आणतात आणि उरलासुरला मणका वाटेत मोडतात. त्यांच्यावर मी किती ओरडले आहे त्याला गणती नाही. फळी म्हणून आठवली. पण ती चार दिवस उशिरा आठवली. विवळवेढ्याच्या देवीसमोरून जाताना नवऱ्याने हात जोडले. मी कुत्र्याच्या कमरेवरचा हात काढला नाही.

डॉक्टर वयस्कर, गुजराती बोलणारे. त्यांचं आयुष्य बैल, म्हशी आणि शेळ्यांत गेलेलं, पण वाड्यांमधले कुत्रेही त्यांच्याकडेच येतात. त्यांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबलं. कुत्र्याने मान वळवली आणि चावायला धावला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, चावतो म्हणजे कळतंय, म्हणजे अजून जागा आहे. मग पाठीवरून बोटं फिरवत विचारलं, याला चालवला कोणी?

"मी," मी सांगितलं. "सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेन, तुम्ही नर्स ना?"

नवरा भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडे पाहत उभा होता.

मणक्यातली गादी सरकली होती. लांब पाठीच्या या जातीला हे दुखणं होतंच, वजनाने लवकर होतं. मुंबईला नेऊन ऑपरेशन करता येईल, पण बोट दाबल्याचं कळतं आहे तोवर आराम देऊन पाहू, असं डॉक्टर म्हणाले. ज्या दिवशी कळेनासं होईल त्या दिवशी मात्र तासाचाही उशीर न करता मुंबई गाठायची. गोळ्या दिल्या. माझ्या पर्समधल्या गोळ्या चालतील का, असं मी विचारलं, तर म्हणाले, माणसाची दुखण्याची गोळी घातलीत तर पाठीऐवजी पोटाने मरेल. चालवायचं नाही, चोळायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही. सहा आठवडे अशा जागेत ठेवायचा की वळता येईल पण चालता येणार नाही. लघवी स्वतः होत नसेल तर पोट दाबून काढायची. शेवटी हळू आवाजात तिसरा मार्गही सांगितला. हे सगळं जमणार नसेल तर इंजेक्शन आहे, त्रास होत नाही.

नवऱ्याने एवढ्या सगळ्यातलं तेवढंच ऐकलं. घरी आल्यावर म्हणाला, त्याला सोडवू या. आपल्यासाठी त्याला कशाला ठेवायचं?

मी म्हणाले, आपल्यासाठी कोण ठेवतंय? मला तर तो कधीच नको होता. पण ज्या पायांची माती मी केली ते पाय परत चालतात की नाही हे बघितल्याशिवाय मी कोणालाही सुई लावू देणार नाही. यात प्रेम किती आणि हट्ट किती, असं कोणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, हट्टच.

पिंजरा कुठून आणायचा हा प्रश्न होता. दुकानातला पोपटाला बरा होता. कुंपणापलीकडच्या पाड्यावरच्या शेजारणीकडे कोंबड्या आहेत. तिचा नवरा बांबूच्या टोपल्या विणतो. संध्याकाळी कोंबड्या डालायला, म्हणजे झाकून ठेवायला, ती जे बांबूचं डालगं वापरते, तसंच एक मोठं, लांबट विणून द्या, असं मी सांगितलं. तिने कुत्र्याकडे पाहिलं.

"कोंबडं डालतात ते पळू नये म्हणून, बाय. हा तं पळतच नाय."

"पळायला लागेल. त्याच्या आधी डालायचाय."

ती हसत सुटली. दोन दिवसांत पाड्यावर सगळ्यांना ठाऊक झालं की नर्सबाईने कुत्रं डाललं. बाया मुद्दाम येऊन बघून जायच्या. एकीने विचारलं, अंड्यावर बसवलाय का? पण डालगं उत्तम होतं. वारा खेळता, आतून बाहेरचं दिसायचं, आणि हलकं इतकं की एका हाताने वर उचलता यायचं. खाली रबरी पायपुसणी, त्यावर जुनी गोधडी, तिच्यावर धुता येईल असं रबरी शीट. शेजारणीच्या नवऱ्याने मजुरी घेतली नाही. बदल्यात त्याच्या सुनेचं सातव्या महिन्यातलं बीपी मी दर आठवड्याला तिच्या दारात जाऊन मोजलं.

मग कामं. सकाळी साडेपाचला डालगं उचलायचं, एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली, तेलाने काठोकाठ भरलेली परात उचलावी तसं त्याला उचलायचं, पाठ तसूभर वाकू द्यायची नाही. अंगणात धरून पोट दाबायचं. हे मला जमत होतं, पोटात काय कुठे असतं ते माझ्या बोटांना ठाऊक आहे. मग पुसायचं, कूस बदलायची, गोळी द्यायची, बोट दाबून बघायचं. मग माझी आंघोळ, डबा आणि जीप. संध्याकाळी परत तेच. खारी बंद, सुकट बंद. दुधी आणि उकडलेली कोंबडी, मोजून.

डालग्यात कुत्रा पहिले आठ दिवस ओरडला. शेजारचे आधी कंटाळले, मग सरावले. आमच्या नर्सिंग होममधल्या मुली गमतीने विचारायच्या, मॅडम, तुमच्या पेशंटने आज काय खाल्लं? माझ्या भावाने फोनवर सुनावलं की माणसं औषधाविना मरतात आणि तू कुत्र्याचं मुतायचं टाइमटेबल करतेस. मी त्याला म्हणाले, माणसांचंही मीच करते, रोज, आठ तास. उरलेल्या वेळात काय करायचं ते तू सांगू नकोस.

आणि नवरा? तो दुसऱ्या खोलीत बसायचा. कुत्र्याचा आवाज आला की टीव्ही मोठा करायचा. दोन्ही वेळची काळजी मी घेत होते, त्यामुळे त्याला डालग्यापाशी यावं लागत नव्हतं. बोट दाबल्याचं कुत्र्याला कळायचं. पण पाय हलत नव्हते. तीन आठवडे झाले तरी हलत नव्हते.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला मी कामावरून आले तर नवऱ्याने चहा करून ठेवला होता. तेव्हाच मला समजलं की काहीतरी आहे. त्याने खाली बघत सांगितलं की रविवारी डॉक्टरांना घरी बोलावलं आहे.

"कशाला?"

"कशाला ते तुला माहितीये. मला त्याचे हाल बघवत नाहीत."

मी पर्सही खांद्यावरून काढली नव्हती. "अहो, तुम्ही बघितलेत कुठे? तीन आठवड्यांत एकदा तरी ते डालगं उचललंत? उद्यापासून आठ दिवस सकाळची पाळी तुमची. उचला, दाबा, पुसा. रविवार पुढच्या आठवड्यातही येतो. तेव्हाही म्हणालात बोलवा, तर मी स्वतः फोन करीन."

त्याने चहा घेतला नाही. मीही घेतला नाही. पण त्याने डॉक्टरांना आठ दिवस थांबायला सांगितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शब्द तर देऊन बसले होते.

पहिल्या सकाळी त्याने भलतीकडेच दाबलं. लघवी नीट निघाली नाही, उलट त्याच्याच लुंगीवर गेली. मी दारात उभी राहून सांगत होते, वर नाही, खाली, हळू, दोन्ही बाजूंनी. तिसऱ्या दिवशी त्याला जमलं. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, तू आत जा, तुझ्या बोलण्याने तो घाबरतो. पाचव्या दिवशी मी पोळ्या करत होते. अंगणातून काहीच आवाज येईना म्हणून बाहेर गेले. नवरा उकिडवा बसला होता, कुत्र्याचा मागचा पंजा त्याच्या तळहातावर.

"ढकलतोय," तो म्हणाला. "बघ ना. माझा हात ढकलतोय."

मी हात पुढे केला. अगदी थोडं होतं. बाळाने दंडावर पाय रेटावा, त्याच्या निम्मंही नाही. पण होतं. तव्यावरची पोळी जळाली. फोन नवऱ्यानेच केला आणि डॉक्टरांना सांगितलं की रविवारी येऊ नका. का ते सांगायला त्याने फोन माझ्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, बेन, आता घाईने चालवू नका. मी म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणणार नाही, पण डालगं अजून तिथेच आहे.

आणि ते तिथेच राहिलं. नवऱ्याला आता रोज त्याला उभा करून बघायचा होता. मी करू दिलं नाही. सहा म्हणजे सहा. पाचव्या आठवड्यात शेपूट हलायला लागली, तेव्हा तो मला म्हणाला की तू माणूस नाहीस. मी म्हणाले, हे मला सव्वीस वर्षांपासून माहीत आहे, नवीन काही सांगा.

सहा आठवडे पूर्ण झाले त्या सकाळी डालगं मीच उचललं. नवरा समोर भाकरीचा तुकडा घेऊन बसला होता, तो मी काढून घेतला. कुत्र्याला बोलवायचं नाही, त्याला जिथे जायचं असेल तिथे जाऊ दे. कुत्रा बसून राहिला. मग पुढून उठला. मग मागून, एका बाजूला कलला, पडला. नवरा पुढे झाला. मी त्याचा सदरा धरून ठेवला. कुत्रा परत उठला. मागचं अंग पुढच्या अंगाच्या रांगेत येत नव्हतं, गाडीचं मागचं चाक वाकडं बसवावं तसं ते बाजूने चालत होतं. पाय एकमेकांत अडकत होते. तो आमच्यापैकी कोणाकडेही आला नाही. नळापर्यंत गेला, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीशी थांबला, आणि आपली आपण लघवी केली. बराच वेळ केली. कोणीही पोट न दाबता.

शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. अख्खा पाडा तिच्या तोंडून हे ऐकणार होता, त्यामुळे ती नीट बघत होती.

"वाकडा चालतो गं, बाय," ती म्हणाली.

"चालतो ना?"

तिने आणखी थोडा वेळ पाहिलं. "चालतो तं," म्हणाली.

नवऱ्याने चेहरा सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि मला विचारलं की आता भाकरी देऊ का. निम्मी, मी सांगितलं. मग पर्स घेतली, कारण साडेसातची जीप कोणासाठी थांबत नाही, आणि वॉर्डात आदल्या दिवशी सिझर झालेल्या दोन बाया उठवायच्या राहिल्या होत्या.